ताणा लागला, धोटा कोण फेंकणार?

सोलापुरांतील कोणत्याहि पेठेंतून पायीं हिंडा. चादरी-टॉवेलांच्या दुकानांवरच्या मजल्यावर, झेरॉक्सवाल्याच्या बोळांत, एस. टी. स्टँडाजवळच्या भिंतीवर एकाच मालाची जाहिरात तुम्हांस दिसेल : तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी! फी हप्त्यानें, सकाळ-संध्याकाळ बॅच, बायकांना निराळी वेळ. हा माल विकत कोण घेतो? ज्याच्या घरीं आजोबांपासून इंग्रजी आहे तो त्या जिन्यावर पाऊलहि ठेवीत नाहीं. तेथें येते विडी वळणाऱ्या आईची मुलगी, तेथें येतो यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचा मुलगा, तेथें येतो मोहोळ-मंगळवेढ्याकडून पहिल्या गाडीनें आलेला शेतकऱ्याचा पोरगा. हीं मुलें इंग्रजीला नवखीं असतीं तर आमचें कांहींच म्हणणें नव्हतें. परंतु महाराष्ट्रांत 2000 सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी आहे. म्हणजे दहावी पास झालेला मुलगा ही भाषा दहा वर्षें शिकलेला असतो, बारावी झालेला बारा वर्षें. तेव्हां आम्ही ह्या जाहिरातवाल्यांना विचारतों, दहा वर्षांत जें आलें नाहीं तें तुम्ही नव्वद दिवसांत कोणत्या भट्टींतून काढून देणार? आणि शिक्षणखात्यास विचारतों, दहा वर्षें तुम्हीं केलें तरी काय?

ह्या मुलास कांहींच येत नाहीं असें समजूं नका. तो इंग्रजी पाटी वाचतो, अर्ज भरतो, मोबाइलवरचा निरोप समजून घेतो. काळाचे बारा प्रकार त्याला तोंडपाठ असतात. कर्तरीचें कर्मणि कर म्हटलें तर चटकन् करून दाखवील. पण मुलाखतीच्या खोलींत साहेबानें एक साधा प्रश्न केला कीं त्याच्या मनांत आधीं मराठी वाक्य उभें राहतें, मग त्याचा एकेक शब्द इंग्रजींत फिरतो, मग व्याकरणाची झडती होते, आणि तोंवर साहेबानें पुढच्या उमेदवारास हांक मारलेली असते. हा मुलगा अडाणी नाहीं आणि पंडितहि नाहीं. तो अर्ध्या वाटेवर उभा आहे. आमच्या लोकांची पिढीच्या पिढी ह्या अर्ध्या वाटेवर उभी आहे, आणि तिच्या तेथें उभें राहण्यावर कित्येकांच्या चुली पेटत आहेत.

क्लासवाला काय करतो? तो त्याला धरून पुन्हां पहिल्या पायरीवर नेऊन बसवितो. पुन्हां तेच बारा काळ, पुन्हां क्रियापदांचीं तींच तीन रूपें, पुन्हां "माझें नांव अमुक, माझ्या वडिलांचें नांव तमुक." आमच्या विणकर वाचकांना ही गोष्ट एका वाक्यांत कळेल. ताणा मागावर चढलेला आहे. शाळेनें दहा वर्षें खपून तो चढविला. कोठें सैल असेल, कोठें तुटलेला असेल, पण चढविला. आतां धोटा चालला पाहिजे, बाण्याचा धागा इकडून तिकडे गेला पाहिजे, तेव्हां कापड होईल. तें सोडून हे लोक लावलेला ताणा उतरवून तोच पुन्हां चढवितात आणि त्याची मजुरी आमच्याकडून घेतात! तीन महिन्यांनीं मुलगा जिना उतरतो तो पाठ केलेलीं पन्नास वाक्यें घेऊन. एकावन्नावें वाक्य समोर आलें कीं धागा तुटला. मग दोष कोणाच्या माथीं? त्या मुलाच्याच. "तुझा सराव कमी पडला, आतां पुढचा कोर्स घे."

शाळेची कथा फारशी वेगळी नाहीं. धडा इंग्रजी, पण समजावून सांगणें मराठींत, उत्तर गाइडमधलें, परीक्षेंत उताऱ्यावरच्या प्रश्नाला उताऱ्यांतलीच ओळ उतरवून काढली कीं 35 गुणांचा ओढा पार. तोंडी परीक्षेलाहि गुण ठेवलेले आहेत, पण मुलाचें तोंड न उघडतां ते गुण त्याच्या पदरीं पडतात अशा शाळा किती, हें ज्याचें त्यानें आपल्या मुलाला विचारून पाहावें.

कोणी म्हणेल, एवढा आकांत कशासाठीं? आपली मराठी आहे, पोट भरतें आहे. ठीक. मग हें ऐका. ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच कोल्हापुरास बसूं लागलें आणि सोलापूर जिल्ह्याचीं कामें तिकडे गेलीं. मुंबईची खेप वांचली, फार चांगलें झालें. पण हायकोर्टाचें कामकाज इंग्रजींत आणि निकालहि इंग्रजींत. बांधाचा दावा तीन पिढ्या लढवून निकाल हातीं पडला, तर त्यांत काय लिहिलें आहे तें ऐकण्यासाठीं शेतकऱ्यानें पुन्हां वकिलाच्याच ओट्यावर जाऊन बसावयाचें. इस्पितळांतून सुटतांना रोग्याच्या हातीं जो कागद मिळतो तो बहुधा इंग्रजी. कोणती गोळी केव्हां बंद करावयाची तें त्यांत लिहिलेलें असतें, आणि घरांत बारावी झालेली सून असूनहि तिला तो कागद वाचतां येतो पण लागत नाहीं. आमचा टॉवेल समुद्रापलीकडे जातो, परंतु परदेशच्या गिऱ्हाइकाचें पत्र विणणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं. मधला मनुष्य सांगेल तो भाव आणि तो म्हणेल तो बट्टा. पूर्वीं गांवचा कुळकर्णी वहींत काय लिहितो तें कुणब्यास कळत नसे. ती लेखणी गेली, तिच्या जागीं इंग्रजी कागद आला. अंगठा उठविणारा मात्र तोच राहिला. आतां तो सही करतो, एवढाच फरक.

जोतीराव फुले 1841 मध्यें पुण्यास स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत गेले. त्यांचें इंग्रजी गुणपत्रिकेपुरतें राहिलें नाहीं. त्या भाषेच्या बळावर त्यांनीं टॉमस पेनचें माणसाच्या हक्कांवरचें पुस्तक वाचलें, आणि 1882 मध्यें हंटर कमिशनपुढें सरकारला रोखठोक ऐकविलें कीं, करभार भरतो कुणबी आणि विद्येचा लाभ घेतात वरचे वर्ग. इंग्रजी कशासाठीं शिकावयाचें ह्याचें उत्तर ह्यांत आहे. साहेबासारखें दिसण्यासाठीं नव्हे. आपल्या नांवानें काय लिहिलें जातें तें वाचावयास आणि त्यावर उलट लिहावयास.

आतां ह्या अर्ध्या वाटेवर मुलाला खिळवून कोण ठेवतो तें पाहूं. आमच्या मतें पहिला अपराधी हंसणारा.

आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीला ही गोष्ट नवी नाहीं. 'आणि'चा 'आनि' झाला, 'पाणी'चें 'पानी' झालें, कीं वर्गांत हंशा पिकावयाचा. मुलाला गणित येत असो, कविता येत असो, त्याच्या 'न'नें त्याची जात सांगितली कीं निकाल लागला! कित्येकांनीं त्या हंशापायीं पाटी-दप्तर टाकून औत धरलें. आज 'ण'ची जागा इंग्रजीच्या उच्चारानें घेतली आहे. कोणी 'इस्कूल' म्हणाला कीं हंसा, कोणाचा 'व' ओंठांतून न येतां दांतांतून आला कीं हंसा. आणि सांगावयास वाईट वाटतें, हा रोग आतां एका जातीचा राहिला नाहीं. आमचाच पोरगा दोन वर्षें पुण्याच्या कंपनींत राहून येतो आणि सणाला घरीं आल्यावर चुलतभावाच्या इंग्रजीची नक्कल करून चार माणसांत वाहवा घेतो. त्या चुलतभावानें पुन्हां तोंड उघडावें कसें?

अहो, स्कॉटलंडचा मनुष्य लंडनवाल्यासारखें बोलत नाहीं, आयर्लंडचा दोघांसारखें बोलत नाहीं, सिंगापूरचा व्यापारी तिघांसारखें बोलत नाहीं, आणि सगळ्यांचे व्यवहार इंग्रजींत बिनबोभाट चालतात. जेथें उच्चार चुकल्यानें अर्थच बदलतो तेथें तेवढी मेहनत घ्यावी. 'वेस्ट' ह्या एका मराठी अक्षरजोडींत इंग्रजीचे दोन वेगळे शब्द दडले आहेत : ओंठ गोल करून म्हटला तर पश्चिम दिशा, वरचे दांत खालच्या ओंठास लावून म्हटला तर बनियन. कापडाच्या धंद्यांतल्या माणसानें हा भेद शिकून घ्यावा. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, हेंहि शिकावें; जहाजानें माल पाठवितों म्हणतांना मेंढीवर लादूं नये. बाकीची सोलापुरी लकब असली तर असूं द्या. ती कोणाच्या बापाचें कांहीं घेत नाहीं.

दुसरा अपराध आमच्या मनांत बसलेल्या एका खोट्या समजुतीचा आहे. "भाषा हें आपल्या डोक्याचें काम नव्हे." हें वाक्य सोलापुरांत उच्चारलें जावें ह्याचेंच आम्हांस आश्चर्य वाटतें! शहराच्या पूर्व भागांत जा. पद्मशाली विणकराचें सात वर्षांचें मूल आईशीं तेलुगु बोलतें, गुरुजींशीं मराठी बोलतें, गल्लींत गोट्या खेळतांना दखनी बोलतें. आणि अक्कलकोटच्या बाजारांत बसणारी भाजीवाली कानडी गिऱ्हाइकाला कानडींत आणि मराठी गिऱ्हाइकाला मराठींत एकाच दमांत भाव सांगते. ह्यांना कोणी क्लास लावला होता? कोणत्या भिंतीवर 'तीन महिन्यांत फाडफाड कानडी' अशी पाटी होती? ह्या भाषा त्यांना आल्या, कारण त्या हजारों वेळां कानांवर पडल्या, रोज गरजेसाठीं वापराव्या लागल्या, आणि चूक झाली तर कोणी गुण कापले नाहींत. भाजीवालीचें कानडी चुकलें तर गिऱ्हाईक हंसून मेथी घेऊन जातें. आमच्या मुलाच्या कानांवर इंग्रजी किती पडतें? तासाची घंटा होऊन हजेरी होईपर्यंत अर्धा वेळ गेला, उरलेल्यांत मराठी स्पष्टीकरण. वर्षभराचें मिळून जें खरें इंग्रजी कानीं पडतें तें तेलुगु गल्लींतल्या एका आठवड्याच्या बोलण्याएवढें तरी भरेल काय? डोक्याला दोष देतां, आणि खुराक द्यावयाचें नांव नाहीं!

आणि मोठ्या वयांत भाषा येत नाहीं म्हणणाऱ्यांनीं डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची आठवण ठेवावी. 1910 मध्यें ह्याच सोलापुरांत जन्मलेला हा मनुष्य 1938 मध्यें पांच डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धांत होरपळणाऱ्या चीनमध्यें गेला, तेव्हां त्याचें वय सत्तावीस-अठ्ठावीस होतें. चिनीसारखी भाषा, जिची अक्षरेंच हजारोंनीं. पण जखमी शिपायाला कोठें दुखतें तें विचारावयाचें होतें, शिकाऊ डॉक्टरांना शिकवावयाचें होतें. ते तेथील लोकांत राहिले, त्यांच्यांत बोलले, आणि चार वर्षांत, 1942 च्या डिसेंबरांत मृत्यु येण्यापूर्वीं, चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेंत वैद्यक शिकवूं लागले होते. सोलापुरांत त्यांचें स्मारक आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगतें काय?

कांहीं आईबाप ह्याच्या उलट टोंकाला जातात. मुलाला इंग्रजी यावें म्हणून घरांत मराठी बंद, तेलुगु बंद, आजीला नातवाशीं बोलावयाची चोरी. स्वतःचें तुटकें इंग्रजी मुलापुढें टाकून त्याची घरची भाषाहि घालवितात. असें मूल दोन्हीं घरचें उपाशी. ज्याला आपल्या भाषेंत गोष्ट रंगवून सांगतां येते त्याला परक्या भाषेंत काय सांगावयाचें तें ठाऊक असतें. बाकीचें जमतें.

मग करावें काय? आमचें उत्तर ऐकून कोणी निराश होईल, कारण त्यांत जादू नाहीं. सोपें वाचा, आणि पुष्कळ वाचा.

अर्ध्या वाटेवरच्या मुलाला जो तो इंग्रजी दैनिक वाच म्हणून सांगतो. तो बिचारा दैनिक घेतो, पहिल्या पांच ओळींत आठ अनोळखी शब्द भेटतात, कोश उघडतो, मान टाकतो. दुसऱ्या दिवशीं तें दैनिक भाकरी बांधावयास जातें. चूक मुलाची नाहीं, सल्ला देणाराची आहे. अभ्यासकांचें म्हणणें असें कीं, आधाराशिवाय अर्थ लागून वाचन पुढें सरकावयाचें तर 100 शब्दांत सुमारें 98 ओळखीचे पाहिजेत. तेव्हां पुस्तक घेतांना एक पान मोजून पाहा. शंभरांत दोनाहून जास्त शब्द अडले तर तें खालीं ठेवा, त्याहून सोपें उचला. लहान मुलांचें असलें तरी उचला, लाजूं नका. नव्या पैलवानाला तालमींत पहिल्याच दिवशीं वस्तादावर सोडीत नाहींत.

हा विचार आजचा नाहीं, आणि विलायतेंतून आयताहि आलेला नाहीं. मायकेल वेस्ट नांवाचा इंग्रज शिक्षक ढाक्यास होता. बंगाली मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकून कोरडीं राहतात हें पाहून त्यानें 1920 नंतरच्या दशकांत खटपट केली. त्याला दिसलें कीं पाठ्यपुस्तकांत अवघड शब्दांची नुसती गर्दी असते आणि एकदां आलेला शब्द पुन्हां भेटतच नाहीं. त्यानें दुर्मिळ शब्द काढून नेहमींचे घातले आणि तेच शब्द पुन्हां पुन्हां येतील अशीं गोष्टींचीं पुस्तकें केलीं. पुढें 1953 मध्यें त्यानें सुमारें 2000 नेहमींच्या शब्दांची यादी छापली. एवढेच शब्द पक्के झाले तर साध्या लिखाणांतील 100 शब्दांपैकीं सुमारें 80 ओळखीचे होतात. आणि आमचा मुलगा स्पर्धा-परीक्षेच्या नांवाखालीं असे शब्द घोकीत बसतो, जे खुद्द इंग्रजाला वर्षांतून एकदां लागत असतील!

दुसरा दाखला फिजी बेटांचा, जेथें हिंदुस्थानांतून गिरमिटावर मजूर नेऊन ऊंस लावला गेला. तेथील खेड्यांच्या शाळांत एली आणि मंगुभाई ह्या दोघां अभ्यासकांनीं एक प्रयोग केला, त्याची हकीकत 1983 मध्यें प्रसिद्ध झाली. चौथी-पांचवीच्या वर्गांना गोष्टींचीं 250 इंग्रजी पुस्तकें दिलीं आणि मुलांना वाचूं दिलें. आठ महिन्यांत त्या मुलांचें वाचन नेहमींच्या दुप्पट वेगानें सुधारलें, आणि पुढें लेखन-व्याकरणांतहि तीं मुलें सरस ठरलीं. नवी इमारत नव्हे, संगणक नव्हे. पुस्तकें, आणि तीं कपाटांत कुलपाखालीं न ठेवण्याची अक्कल.

वाचनानें आणखी एक गोष्ट होते, जी कोणताहि नियम पाठ करून होत नाहीं. आमच्या शाळांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजतागायत एकच संवय मुरली आहे, ती म्हणजे मराठी शब्दाला इंग्रजी शब्द चिकटविण्याची. आपण पुण्याला पोहोंचतों, म्हणून मुलगा 'रीच्ड टू पुणे' म्हणतो. इंग्रजींत तो 'टू' लागतच नाहीं. आपण एखाद्या गोष्टीविषयीं चर्चा करतों, म्हणून तो 'डिस्कस अबाउट' लिहितो. तेथें 'अबाउट' फुकट. आपण चूक करतों, म्हणून 'डू मिस्टेक'. इंग्रज मात्र चूक 'मेक' करतो. ह्याला कारण विचारूं नका, त्यांची तशी रीत आहे. शब्द एकटा शिकूं नये, त्याच्या सोबत्यांसकट शिकावा. सोयरीक जमवितांना आपण नुसता मुलगा पाहतों काय? त्याचें घरदार पाहतों, तसें. एकच जोडी गोष्टींतून दहा वेळां डोळ्यांखालून गेली कीं चुकीचें रूप कानालाच खटकूं लागतें.

बोलण्याविषयीं थोडेंच सांगतों. तिघां-चौघांनीं संध्याकाळीं ओट्यावर जमावें. वाचलेली एक गोष्ट एकानें दुसऱ्याला चार मिनिटांत सांगावी, तीच तिसऱ्याला तीन मिनिटांत, तीच चौथ्याला दोन मिनिटांत. पहिल्या खेपेस शब्द शोधण्यांतच जीव जातो, दुसऱ्या खेपेस ते हाताशीं असतात, तिसऱ्या खेपेस मनांतलें मराठी वाक्य मध्यें यावयास सवडच उरत नाहीं. पहिली हजार विडी वळणाऱ्या बाईचीं बोटें अशींच अडखळतात आणि पुढें न बघतां चालतात. ह्याला फी नाहीं. अट एकच : जो हंसेल त्यानें सर्वांना चहा पाजावा.

पैशाचें रडगाणें आम्ही ऐकून घेणार नाहीं. आमच्या शहरांत जयंत्या-उत्सवांची मंडळें गल्लोगल्लीं आहेत, आणि डॉल्बीच्या एका रात्रीला किती वर्गणी उडते तें वर्गणी देणारांना ठाऊक आहे. त्या रात्रीच्या पैशांत फिजीच्या मुलांना मिळालें तेवढें कपाट बहुधा उभें राहील. जेथें तेवढीहि ऐपत नाहीं तेथें मोबाइल तर आहेच. प्रथम बुक्सनें 2015 मध्यें 'स्टोरीवीव्हर' नांवाचें गोष्टींचें भांडार फुकट खुलें केलें. त्यांत चढत्या पायऱ्यांच्या इंग्रजी गोष्टी आहेत, आणि कित्येक मराठींतहि आहेत. आधीं मराठींत वाचावी, मग तीच इंग्रजींत. खेड्यांतल्या वाचकांनीं आपल्या वाचनालयाकडे जावें. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालीं सरकारी अनुदान घेणारीं वाचनालयें गांवोगांव आहेत. यंदाच्या पुस्तकखरेदींत सोप्या इंग्रजी गोष्टींचीं पुस्तकें किती, हा प्रश्न कोणत्याहि सभासदाला चालकांस विचारतां येतो.

1925 च्या जानेवारींत डॉक्टर आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें ह्याच सोलापुरांत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें. शाळा गांवांत होत्याच. कमी होती ती शाळा सुटल्यावर बसावयाच्या जागेची, दिव्याची आणि बरोबरीच्या सोबत्यांची. आजच्या अर्ध्या वाटेवरच्या मुलाची उणीव नेमकी तीच आहे. तेव्हां येत्या उत्सवाच्या वर्गणीची बैठक तुमच्या गल्लींत भरेल तेव्हां डॉल्बीचा विषय निघण्याआधीं उठून उभे राहा आणि दोन गोष्टी मागा : मंडळाच्या खोलीची किल्ली संध्याकाळीं सात ते नऊ, आणि एक कपाट. कोण नाहीं म्हणतो तें त्याच्या नांवानिशीं वहींत लिहून घ्या.